सुभेदारांना बसवत नव्हतं

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका आजीचा रक्तदाब तिला उभी करून मोजत होते. "डॉक्टर, तुमच्या इतक्या वर्षांतली एखादी थरारक केस लिहून द्या," ते म्हणाले. मी म्हटलं, माझ्याकडे थरार येत नाही हो, माझ्याकडे 'कसंतरीच होतंय' येतं. त्यांना तो विनोद वाटला. आजी मात्र लगेच म्हणाली, "व्हय की, मला बी तसंच हुतंय."

रहिमतपुरात माझा दवाखाना आहे. शिक्षण सांगली-मिरजेकडचं, लग्नाने इकडे आले. सुरुवातीला सगळ्या वयाचे पेशंट यायचे. मग धडधाकट माणसं साताऱ्याला आणि कराडला मोठमोठ्या काचांच्या हॉस्पिटलांत जायला लागली आणि ज्यांना एसटीची पायरी चढवत नाही ती माझ्याकडे उरली. मग मीही त्यांचीच झाले. हल्ली मी सकाळचे तेवढेच पेशंट बघते. बाकीचा दिवस घरात या खोलीतून त्या खोलीत फिरण्यात जातो आणि सून म्हणते, आई, तुम्ही दवाखान्यात असता तेव्हाच आम्हाला विश्रांती मिळते.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. आमच्या भागात म्हाताऱ्या माणसाला उदासीचा आजार होतो आणि त्यावर गोळ्या असतात, हे लोकांनी मान्य केलं त्याला फार वर्षं झाली नाहीत. आता मान्य केलंय आणि चांगलं झालंय. पण अडचण पुढे सुरू होते. एकदा का माणूस 'मनाच्या गोळ्या' घ्यायला लागला, की त्याला त्यानंतर जे काही होईल त्याची घरात लगेच दोन टोकांची कारणं तयार असतात. चक्कर आली, पडला, बरळला, हात थरथरले, तर अर्धं घर म्हणतं, त्यांचं डोक्याचंच हाय, सोडा. उरलेलं अर्धं म्हणतं, त्या गोळ्यांनीच वाट लावली, बंद करा. मला दोन्ही चालत नाही. मी तीन प्रश्न विचारते आणि ते विचारून विचारून लोकांना वीट आणते. हे आधी होतं का? कधीपासून आहे? आणि ते सुरू व्हायच्या आधी घरात, ताटात, औषधात काय बदललं? मग रक्तातलं मीठ, साखर, थायरॉइड, लघवी, हृदयाचा आलेख. उभ्याने आणि झोपवून रक्तदाब. यात काही जादू नाही. चिकाटी लागते आणि माणूस थोडा संशयी असावा लागतो, तशी मी उपजतच आहे.

लोणंदचे बशीरभाई. कापडाचं दुकान, स्वभाव हौशी. उदासीची गोळी काही महिने घेतली, बरं वाटलं, म्हणून एका सकाळी स्वतःच बंद केली. चार दिवसांत मान वळवली की डोक्यात करंट बसायला लागला. त्यांनी वायरमन बोलावला. दुकानाचं अर्थिंग तपासलं, पंखा बदलला, लोखंडी काउंटर काढून लाकडी केला. शेवटी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "म्याडम, दुकानात करंट न्हाई म्हंतोय वायरमन. मग माज्यात कुठनं आला?" या गोळ्या जिन्याने उतरायच्या असतात, गच्चीवरून उडी मारायची नसते, एवढं त्यांना सांगितलं आणि गोळी पुन्हा सुरू करून हळूहळू कमी केली. करंट गेला. लाकडी काउंटर अजून आहे.

माणमधल्या सोनाबाई. त्यांना रक्तदाबाची गोळी होती, लघवी जास्त व्हायला लावणारी, आणि जोडीला उदासीची. दोन्ही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाच्या रक्तातलं मीठ उतरू शकतं. अशात बाईंनी चातुर्मासात मीठ सोडलं. कुणासाठी तर मुंबईत असलेल्या मुलाची नोकरी टिकावी म्हणून. मीठ इतकं उतरलं की त्या त्याच मुलाला दिराच्या नावाने हाक मारायला लागल्या आणि अंगणात दोनदा पडल्या. घरच्यांनी मला सगळं सांगितलं, फक्त नेम सांगितला नाही. डॉक्टरला देवाचं कशाला सांगायचं! हॉस्पिटलात हळूहळू मीठ वर आणलं आणि बाई माणसात आल्या. आल्या आल्या विचारलं, "नेम मोडला त्याचं पाप कुणाला?" मी म्हटलं, मला. "मग बरं," म्हणाल्या आणि लोणचं मागितलं.

या दोघांचं मी हसत सांगते, कारण दोघांचं निभावलं. ज्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे त्यांची आठवण आली की मला आजही एका जागी लिहवत नाही. हे पान लिहिताना मी तीनदा उठले आहे.

त्यांना गावात सगळे सुभेदार म्हणतात आणि घरात आप्पा. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले त्याला जमाना झाला. रहिमतपुरापासून जवळच गाव, उसाचं रान, मुलगा संभाजी हवालदार, तोही फौजेत, लांब सीमेकडे. घरात सून मनीषा आणि शाळेत जाणाऱ्या दोन नाती. गेल्या साली सुभेदारांची बायको गेली. हा माणूस रडला नाही. दिवस-कार्य सगळं ताठ उभं राहून केलं आणि मग एक दिवस भिंतीकडे तोंड करून निजला तो उठेचना. जेवण नाही, अंघोळ नाही, बोलणं नाही. मनीषाने त्यांना रिक्षातून माझ्याकडे आणलं तेव्हा त्यांचा सदरा दुसऱ्या कुणाचातरी घातल्यासारखा झाला होता.

सांगलीला माझे एक वर्गमित्र मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी उदासीची गोळी अगदी लहान मात्रेत सुरू केली. रक्तदाबाची एक आधीपासून होती. महिनाभरात सुभेदार उठून बसायला लागले, दाढी करायला लागले. मग उसाची लागवड, पावसाची उघडझाप यात मनीषाचं येणं लांबलं. फोनवर म्हणायची, "बरं हाय म्याडम." मीही खूश होते.

एका सकाळी ती पेढे घेऊन आली. बरोबर आप्पा.

"म्याडम, आप्पा लय सुधारलं. वळखूच येत न्हाईत बगा!" ती आत येतायेताच बोलायला लागली. "पहाटं रानात जात्यात. सगळा ऊस खुरपून काढला. पाट साफ केला, बांध नीट केला, शेजाऱ्याच्या रानातलं बी तण काढलं. भावकी बघायला येतीया. जाऊबाई म्हंत्यात, असली गोळी आमच्या म्हाताऱ्याला बी द्या."

मी सुभेदारांकडे बघितलं. ते उभे होते. "बसा, आप्पा," मी म्हटलं. बसले. उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले, बसले, पुन्हा उठले. उभे असतानाही वजन या पायावरून त्या पायावर चाललं होतं, परेडच्या मैदानावर 'थम'चा हुकूम येतच नाही असं. आणि चेहरा! काम करून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक दमलेपण असतं, त्यात समाधान मिसळलेलं असतं. या चेहऱ्यावर नुसती भीती होती.

"आप्पा, बसत का नाही?"

"बसवत न्हाई."

मनीषा हसली. "फौजी गडी हाय म्याडम, बसायची सवयच न्हाई त्यास्नी. जेवत्यात बी हुबं राहून."

"आणि झोप?"

"पाय झोपू देत न्हाईत," ते खिडकीकडे बघत म्हणाले.

इथे मला थोडं डॉक्टरी सांगावंच लागेल. काही औषधांनी माणसाच्या आत एक धावपळ सुरू होते. डॉक्टरी भाषेत तिला अकथिसिया म्हणतात. मी पेशंटना 'आतली धावपळ' म्हणते. पायांत, मांड्यांत, छातीत काहीतरी सारखं ढकलत राहतं. चाललं की क्षणभर बरं, थांबलं की असह्य. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अस्वस्थ आहे, काळजी करतोय, किंवा आमच्या भागात वाटतं तसं, कामसू झालाय. इथे उठून रानात गेलेला माणूस बरा आणि बसून राहिलेला माणूस आजारी, हे आम्हा सगळ्यांच्या रक्तात आहे. पहाटेपासून खुरपणाऱ्या म्हाताऱ्याला कोण दवाखान्यात नेईल? आणि ही धावपळ नुसती त्रासाची नसते. तिला कंटाळून माणसं जिवाचं बरंवाईट करून घेतात.

म्हणून मी मनीषाला बाहेर बसायला सांगितलं आणि सुभेदारांबरोबर खोलीत चालायला लागले. ते थांबत नव्हते, तर मी तरी का थांबू? टेबलापासून दरवाजापर्यंत, दरवाजापासून टेबलापर्यंत. चालता चालता विचारलं, "आप्पा, जीव द्यावा असं मनात येतं का?" हा प्रश्न विचारला तर माणसाच्या डोक्यात तो विचार घुसेल अशी लोकांना भीती असते. तसं होत नाही. कुणीतरी विचारलं याचं बहुतेकांना हायसं वाटतं.

सुभेदार पहिल्यांदा थबकले. पाय जागच्या जागी हलतच होते.

"मरायचं न्हाई वो मला," ते म्हणाले. "पण थांबायचंय. कसं बी करून थांबायचंय. काल हिरीपाशी जाऊन हुबा ऱ्हायलो. मग भ्यालो आन् परत खुरपं घेटलं."

मी मनीषाला आत बोलावलं, विहिरीचं सरळ सांगितलं आणि बजावलं की आप्पांना एकटं सोडायचं नाही, रानात तर नाहीच. फवारणीचं सगळं आजच्या आज कुलपात. रात्री कुणीतरी जवळ झोपायचं. तिच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता.

"पण म्याडम, ते तर बरं झाल्यात."

"नाही, मनीषा. ते पळतायत."

रक्त तपासलं. मीठ ठीक, साखर ठीक, थायरॉइड ठीक. लघवीची तक्रार नाही, कुठे दुखत नाही, तारीख-वार, नातींची नावं सगळं चोख. औषधांची पिशवी मागवली. त्यात दोनच पाकिटं, रक्तदाबाची आणि उदासीची. सांगलीला फोन लावला. माझे मित्र फोनवर फार कमी बोलतात, विद्यार्थी असतानाही तसेच होते.

"डोस लहान आहे," ते म्हणाले. "इतक्याने एवढं क्वचितच. दुसरं काहीतरी पोटात जातंय. शोध."

"आणि तोवर ही बंद करू?"

"एकदम बंद केलीस तर पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. दोन दिवस दे. माणूस मात्र एकटा ठेवू नकोस."

दोन दिवस कसले, मला दोन तास धीर नव्हता. त्यात संध्याकाळी संभाजीचा फोन आला. तो सुट्टीवर गावी आला होता आणि मनीषाने त्याला सगळं सांगितलं होतं.

"म्याडम, तुमचा मान राखून बोलतो," तो म्हणाला आणि पुढे मान वगैरे काही राखला नाही. "मागल्या सुट्टीत माझा बाप मढ्यागत पडून हुता. आता गावभर लोक म्हंत्यात, सुभेदारांनी तरण्यास्नी लाजवलं. माझा बाप उठलाय, आन् तुमी त्यास्नी परत झोपवाय निघालाय?"

"संभाजी, त्यांना तुझ्याजवळ पाच मिनिटं बसव बरं."

"त्यास्नी बसायचंच न्हाई!"

"तेच म्हणते मी."

त्याने फोन ठेवला. मला त्याचा राग आला नाही. वर्षातून एकदा घरी येणाऱ्या मुलाला बाप उभा दिसला होता आणि मी तेही काढून घ्यायला निघाले होते. पण विहिरीचं त्याला कळलं होतं आणि तरी तो हे बोलत होता, हे मला खटकलं. रात्रभर कूस बदलत राहिले.

सकाळी चहाच्या वेळेला मी त्यांच्या दारात होते. न सांगता गेले, कारण घरात काय पोटात जातं ते घर सजवलेलं नसताना दिसतं. सुभेदार अंगणात फेऱ्या मारत होते, मागे संभाजी, वैतागलेला. रात्रभर बापाच्या उशाला बसून त्याने बापाचे पाय बघितले होते. त्यामुळे कालच्यापेक्षा आवाज खाली आला होता, एवढंच.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसले. मनीषाने चहा ओतायला घेतला. चहा-साखरेच्या डब्यांशेजारी एक वाटी होती. तिने वाटीतून एक कॅप्सूल काढून स्वतः पाण्याबरोबर घेतली, मग अंगणात जाऊन एक नवऱ्याला आणि एक सासऱ्यांना दिली. सुभेदारांनी चालता चालताच ती तोंडात टाकली.

"हे काय दिलंस?"

"काय?"

"आत्ता आप्पांना काय दिलंस?"

"हे व्हय? हे पित्ताचं."

"काल औषधांच्या पिशवीत हे नव्हतं."

"आवं हे औषध कुठं हाय म्याडम," मनीषा अगदी सरळपणाने म्हणाली, "पित्ताचं हाय."

मला हसावं की रडावं कळेना. खरं सांगते, तिचं काही चुकलं असं मी म्हणू शकत नाही. आमच्याकडे घरोघर हे चालतं. सकाळी तोंड धुतलं की चहाच्या आधी पित्ताची एक. पाहुणा आला तर त्यालाही विचारतात, पित्ताची घ्यायची का? डॉक्टरने विचारलं, कुठली औषधं चालू आहेत, तर ती कुणी सांगत नाही, जसं मी चहा पिते हे कुणी सांगत नाही. मी पाकीट मागितलं. ते चहाच्या डब्यामागे होतं. मागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा वर-खाली करावा लागला. कॅप्सूल एक, पण तिच्या पोटात औषधं दोन. एक आम्ल कमी करणारं, ते बिचारं निरुपद्रवी. दुसरं पोट पुढे ढकलणारं, उलटी-मळमळ थांबवणारं. आणि हे दुसरं थेट मेंदूवर काम करतं. मनाच्या मोठ्या आजारांना जी औषधं देतात, त्यांच्याच घराण्यातलं ते आहे. तरण्या माणसाला बहुधा काही कळत नाही. म्हाताऱ्याला ते हळूहळू थरथर लावतं, अंग आखडवतं, नाहीतर आतली धावपळ सुरू करतं. सोबतीला उदासीची गोळी असली तर दोघं मिळून जोर करतात.

"आप्पांना हे कधीपासून देतेस?"

मनीषा आठवायला लागली. सांगलीची गोळी सुरू झाली तशी आप्पांना मळमळायचं. म्हणून ती आपल्यातली एक त्यांना द्यायला लागली. आधी साधी होती. मग दुकानात ती संपली होती, म्हणून दुकानदाराने ही दिली, म्हणाला ही जास्त चांगली लागू पडते. लागूही पडली, मळमळ थांबली. त्यानंतर किती दिवसांनी आप्पा रानात जायला लागले? मनीषाचा हात चहाच्या गाळणीवर थांबला. "लगीच," ती म्हणाली, "आठ-पंधरा दिसांत." आणि ती रडायला लागली.

"तू मायेने दिलंस," मी म्हटलं. "आता रडू नको, ती वाटी इकडे दे."

संभाजीला हे पटेना. "म्याडम, पित्ताच्या गोळीनं माणूस चालाय लागतो? मी बी रोज घेतो. मी कुठं पळतोय?"

"तू पस्तीसचा आहेस, ते सत्तरीच्या पुढचे आहेत. आणि तू दुसरी गोळी घेत नाहीस. तुझ्या पाठीवरची पिशवी तुला जड लागत नाही, ती आप्पांच्या पाठीवर दे बरं."

त्याला तरीही पटलं नव्हतं. सांगलीला फोन करून ठरवलं. ही कॅप्सूल आजपासून पूर्ण बंद. उदासीची गोळी आहे तशीच. छाती ऐकली, दम्याचा त्रास नाही, नाडी आणि रक्तदाब चांगला, म्हणून धावपळ थोडी सैल पडावी यासाठी एक नाडी शांत करणारी गोळी अगदी लहान मात्रेत, काही दिवसांपुरती. उठताना सावकाश उठवा, चक्कर येऊ शकते. उद्या लगेच फरक पडणार नाही हे चार-चारदा सांगितलं.

मग वाट बघणं आलं. सर्जन लोकांचं बरं असतं, कापलं की दिसतं. आमचं काम म्हणजे एक गोष्ट काढून घ्यायची आणि फोनकडे बघत राहायचं. पहिल्या दिवशी मनीषा म्हणाली, तसंच हाय. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी जेवताना दोन घास बसून खाल्ले आणि उठले. माझ्या डोक्यात सारखी विहीर. आपला अंदाजच चुकला असेल तर? हा उदासीचाच दुसरा चेहरा असेल तर? पेशंट बघताना मी दोनदा तपासलेल्याच माणसाला पुन्हा तपासलं.

मग एका सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच फोन. मनीषा हळू आवाजात, घाईघाईने बोलत होती.

"म्याडम, आप्पा बसलं."

"अगं मग छान की!"

"न्हाई म्याडम. कालपास्नं बसूनच हायत. रानात न्हाई, आंगणात न्हाई. हे म्हंत्यात, परत तसंच झालं, पडलं परत. भावकी बी म्हंती, सुदारलेला माणूस डाक्टरनं बसिवला. गाडी सांगितलीया, पुण्याला न्हेत्यात आप्पास्नी. आन् ती पित्ताची परत चालू करा म्हंत्यात, तिनंच हुबं ऱ्हायलं हुतं म्हंत्यात."

"दिलीस का ती?"

"न्हाई. पाकीट माज्या पदरात हाय."

मी स्कूटर काढली. रस्ताभर एकच विचार. बसले म्हणजे कसे बसले? बसणं दोन प्रकारचं असतं. एक, भिंतीकडे तोंड करून, ताटाला हात न लावता. तसं असेल तर उदासी परत आलीय आणि मग संभाजी बरोबर आहे, पुण्याला न्यायलाच हवं. दुसरं कसं असतं ते या माणसाच्या बाबतीत मी कधी बघितलंच नव्हतं. मला खरोखर माहीत नव्हतं. ती धाकधूक मला या वयातही सोसत नाही.

दारात पांढरी गाडी उभी, ड्रायव्हर काच पुसत होता. संभाजी बूट घालून, बॅग भरून तयार. त्याने मला बघितलं आणि बाजूला होऊन वाट दिली.

सुभेदार घराच्या पुढच्या सोप्यात घोंगड्यावर मांडी घालून बसले होते. तोंड दाराकडे होतं. समोर ताटली, तिच्यात भाकरीचा तुकडाही उरला नव्हता. मी आधी त्यांच्या पायांकडे बघितलं. पाय गप्प होते.

"आप्पा, कसं वाटतंय?"

"पाय गप झालं," ते म्हणाले. "रातभर झोपलो."

"मग रानात का नाही गेला?"

"दमलोय वो म्याडम. तीन म्हैन्याचं चाललोय मी."

मी संभाजीकडे वळून म्हटलं, "ऐकलंस? भाकरी खाल्लीय, झोप लागलीय, दाराकडे बघतायत. हे पडणं नव्हे. हा दमलेला माणूस आहे, त्याला बसू दे."

संभाजी तसाच उभा. सुभेदारांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. वर, खाली, बुटांकडे, बॅगेकडे.

"संभा, तू कवा आलास?"

संभाजीचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. "आप्पा, मला येऊन पंधरा दिस झालं. रोज तुमच्या मागनं हिंडतोय की मी."

"व्हय? मला दिसला न्हाईस गड्या. मला काय बी दिसत नव्हतं." ते त्याचा चेहरा बघत म्हणाले, "वाळलास. तुजी आई असती तर..."

आणि ते तिथेच थांबले. हनुवटी हलायला लागली. मग हा ताठ माणूस, ज्याने बायकोला अग्नी देताना डोळा ओला केला नाही असं अख्खं गाव सांगतं, तो मांडीवर दोन्ही हात ठेवून लहान पोरासारखा रडायला लागला. मोठ्याने. मनीषा आतून धावत आली. नाती दाराआडून बघायला लागल्या. माझेही डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

संभाजी घाबरला. "म्याडम, हे काय आणि नवीन? ह्यावर काय तरी द्या की!"

"हे नवीन नाही, संभाजी," मी म्हटलं. "हे गेल्या सालचं आहे. करायचं राहून गेलं होतं."

"मग मी काय करू?"

"त्यांच्याजवळ बस."

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. संभाजीने बॅग खाली ठेवली, वाकून बूट सोडले, घोंगड्यावर बापाशेजारी मांडी घातली आणि बसल्या जागेवरूनच हात हलवून ड्रायव्हरला जा म्हणून सांगितलं.